धुराच्या दिवसांतली सोबत

आमच्या मागचा डोंगर दरवर्षी जळतो. होळीच्या आधी सुरुवात होते आणि वळवाचा पाऊस पडेपर्यंत कुठे ना कुठे धुमसत राहतं. कोणी म्हणतं विडीच्या थोटकानं लागतो, कोणी म्हणतं दगडावर दगड घासून ठिणगी पडते. खरं सगळ्यांना माहीत आहे. बांध साफ करायला माणूस काडी लावतो, वारा सुटतो आणि आग गवत धरून वर चढते. शिवाय डोंगर जाळला की पुढच्या साली गवत जोमानं येतं, अशी समजूत जुनी आहे. कोणी पेटवला हे दिवस मावळायच्या आत गावाला कळतं. वनखात्याचा माणूस विचारायला आला की सगळे आभाळाकडे बघतात.

माझं घर गावाच्या वरच्या टोकाला, डोंगराच्या पायाशी. घोडेगावहून येणारी एसटी खाली शाळेपाशी वळते, तिथून पुढे चढ आहे. माझ्या घराला लागून दिराचं घर, मधे एकच भिंत. माझा नवरा आधी गेला, मग दीर गेला. त्या घरात माझी जाऊ राहायची आणि या घरात मी. तिला सगळं गाव धाकटी म्हणतं, केस पांढरे झाले तरी. तिचा मुलगा आळेफाट्याला गॅरेज चालवतो, माझा पुण्याला कंपनीत आहे. दोघी एकेकट्या, पण वर्षानुवर्षं आम्ही कामापुरतंच बोलत होतो. वाटणीच्या वेळी बांधावरच्या हिरड्यावरून भांडण झालं होतं. हिरडा तिच्या वाट्याला गेला आणि पुढे वणव्यात जळाला. भांडण तेवढं हिरवं राहिलं.

धाकटीला दमा. तिचं घर कौलारू आहे, कौलांच्या फटींतून ऊन येतं तसा धूरही येतो. उन्हाळ्यात भिंतीपलीकडून तिचा खोकला ऐकू यायचा. खोकला चालू असला की मला राग यायचा आणि थांबला की मी हातातलं काम टाकून कान द्यायचे.

धुराचा अंदाज गावात आला तो आशाताईमुळे. आशाताई म्हणजे आरोग्य केंद्राकडून पोरांचे डोस, बाळंतपणं, म्हाताऱ्यांच्या गोळ्या बघणारी आमच्या गावची सून. एका साली घोडेगावला तिचं शिबिर झालं. तेव्हापासून रोज संध्याकाळी तिच्या मोबाईलवर निरोप येऊ लागला. आग कुठे लागली आहे ते वरून उपग्रह बघतो, वारा कुठे जाणार ते हवामानवाले काढतात, आणि दोन्ही जुळवून उद्या धूर कोणत्या गावावर बसेल ते सांगतात. तो निरोप ती मारुतीच्या देवळातल्या भोंग्यावर सांगायची.

“उद्या सकाळी धूर खाली बसणार हाये. म्हातारी मानसं, दम्याची मानसं, ल्हान पोरं, ऊन चढंस्तवर घराबाहेर पडू नका. दारं-खिडक्या लावून घ्या.”

पारावरच्या लोकांना मजा वाटली. भाजीचा पिकअप चालवणारा एक जण ओरडला, “ताई, बिबट्या उद्या कुठं बसणार हाये त्येबी सांगा की!”

“पावसाचं सांगत्यात त्ये तरी कुठं खरं व्हतंय? आता धुराचं सांगाय लागले,” दुसरा म्हणाला.

आशाताई भोंगा बंद न करताच म्हणाली, “पावसाचं माज्याकडं न्हाई भाऊ. माज्याकडं धुराचाच माल हाये. घ्यायचा तर घ्या.” ते सगळ्या गावानं ऐकलं.

माझाही विश्वास नव्हता. पण तिनं सांगितलं की सकाळी धूर असायचा आणि नाही सांगितलं की बहुतेक नसायचा. कधीमधी चुकायचंही. तिनंच समजावून सांगितलं की दुपारी हवा तापते आणि धुराला वर घेऊन जाते. पहाटे हवा गार होते, जड होते, डोंगरावरून उतरते आणि पातेल्यात ताक ठेवावं तसा धूर आमच्या खोलगटात ठेवून देते. आम्ही काय करत होतो? बिबट्याच्या भीतीनं रात्रभर दारं लावून बसायचो आणि फटफटलं की ताजी हवा यावी म्हणून सगळी सताड उघडायचो.

धाकटी तर पहाटेच ओट्यावर येऊन बसायची. एकदा मला राहवलं नाही.

“आत बस. ताईनं भोंग्यावर सांगितलंय, ऐकलं न्हाईस व्हय?”

“पहाटंचं वारं हाये आक्का. औषध असतंय.”

“औषध घेऊन किती खोकतीस ते बघ.”

एवढं लांबलचक बोलणं आमच्यात कितीतरी वर्षांनी झालं होतं.

मग आरोग्य केंद्रातल्या बाईंनी शाळेत बैठक घेतली. त्या म्हणाल्या, प्रत्येक आळीला धुराच्या दिवसांसाठी एक खोली पाहिजे. दारं-खिडक्या नीट लागणारी, आत चूल नाही, विडी नाही, फटींना ओलं फडकं. दम्याची माणसं, गरोदर बाया, पोरं यांनी वाईट वेळ तिथे काढायची. आमच्या वरच्या आळीत सगळी कौलारू घरं. स्लॅबची खोली एकच, माझी. मुलानं लग्न ठरल्यावर घराच्या बाजूला बांधून घेतली होती. खाली फरशी, सरकत्या काचांच्या खिडक्या. जोडपं सणावाराला येऊन राहील असं त्याचं म्हणणं होतं. पहिल्या एखाद-दुसऱ्या दिवाळीला आले, मग पोरांच्या शाळा निघाल्या. खोलीत कांदे पसरलेले असायचे.

आशाताईनं माझ्याकडे बघितलं. “आजी, तुमची खोली?”

“घ्या. कांदं तेवढं उचलू लागा.”

सुरुवातीला सगळी आळी आली. बाया नातवंडं घेऊन आल्या. एक म्हातारा कानावर विडी लावून आला. त्याला मी सांगितलं, “एक तर विडी भायेर ठिव, न्हाईतर तू भायेर ऱ्हा.” तो विडीबरोबर बाहेर राहिला. पोरांनी काचांवर बोटांनी चित्रं काढली, कोणी भिंतीला तेलाचं डोकं टेकलं. मी ओरडायचे, पण घरात इतकी माणसं बघून मला घर ओळखू येत नव्हतं.

हे टिकलं नाही. गुरांना वैरण घालायची, पाणी भरायचं, खोलीत बसून कोणाचं भागणार? एकेक जण यायचं थांबलं. अगदी वाईट दिवशी पोरं यायची, बाकीच्या दिवशी धाकटी एकटीच.

पहिल्यांदा एकटी आली तेव्हा पाण्याचा तांब्या स्वतःचा घेऊन आली.

“पानी हाये माज्याकडं,” मी म्हणाले.

“आसू दे. माजं मी आनलंय.”

ती समोरच्या भिंतीला टेकून बसली. मी मेथी निवडत होते. मग तिनं हात पुढे केला आणि माझ्या पुढ्यातली अर्धी जुडी ओढून घेतली. निवडताना म्हणाली, “देठं लई ठेवतीस. सासूबाई बोलायच्या ना तुला, बरूबर बोलायच्या.”

त्यानंतर ती तांब्या आणायची थांबली. सासूच्या चुगल्या झाल्या, दोन्ही भावांच्या झाल्या. माणसं मेलेली असली की त्यांच्याबद्दल मोकळं बोलता येतं. हिरड्याचा विषय दोघींनी टाळला. तिचं माहेर आळे, माझं निमगाव सावा. त्यावरून ती मला टोचायची.

“आमच्या आळ्याच्या नावानं फाटा झाला, साऱ्या मुलखाच्या गाड्या थांबत्यात. तुमच्या निमगावाचं काय झालं?”

“आमच्या निमगावात मी झाले.”

“तरीच गाव मागं ऱ्हायलं,” ती म्हणायची आणि हसता हसता खोकायची. मग मी तिची पाठ चोळायचे. तिच्या पाठीची हाडं हाताला लागायची.

ऊन चढलं, धूर उठला की ती उठायची. “जाते गं, कोंबड्या सोडायच्यात.” भिंतीपलीकडे जायला कितीसं अंतर, पण ती गेली की खोली एकदम मोठी व्हायची.

मी संध्याकाळी भोंग्याची वाट बघू लागले. ‘उद्या हवा चांगली’ असं ऐकलं की ती यायची नाही, हे ठरलेलं. हवा खराब व्हावी असं मला वाटायचं. तिचा जीव त्याच हवेनं घाबरा होतो हे कळत होतं, तरी वाटायचं. वाटण्याला कोण काय करणार? मी ते कोणाला बोलले नाही, आणि भोंगा वाजला की पहिली ओटा झाडायला बाहेर यायचे.

मग तो दिवस आला. आदल्या संध्याकाळी आशाताई भोंग्यावर सांगून थांबली नाही, वर चालत आली. डोंगराच्या दोन्ही अंगांना आग होती आणि वारा आमच्याकडे वळणार होता. “आजी, उद्या लई वाईट दाखवतंय. धाकट्या आजींना आत्ताच खोलीत आना. मी सकाळी येऊन जाते.”

सकाळी उजाडलं ते पिवळं. समोरचं घर दिसेना. सूर्य तांब्याच्या पैशासारखा, डोळे न मिटता बघता येत होता. मी खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबली, दाराला ओलं पोतं लावलं. धाकटी आत बसून होती, श्वासाला शिट्टी वाजत होती पण बोलत होती. तेवढ्यात वरच्या गोठ्यातून माझ्या शेळ्यांचं ओरडणं आलं. आग गवताच्या गंजीकडे उतरत होती. शेळ्या सोडून ओढ्याकडे घालवणं भाग होतं.

“दार उघडू नको. चूल न्हाई, उदबत्ती न्हाई, काई न्हाई. गप बसून ऱ्हायचं.”

“व्हय गं बाई. जा तू.”

शेळ्यांना धुराचं भ्या, एक खाली जाते तर दुसरी वर पळते. त्यांना खाली पोचवून येईपर्यंत बराच वेळ गेला. परत आले तर खोलीच्या दाराखालून पांढरा धूर येत होता. आग घरात शिरली असंच मला वाटलं. दार ढकललं तर मधोमध माझं घमेलं. त्यात माझ्याच चुलीतले निखारे, वर ओवा, लसणाची सालं, कडुलिंबाचा पाला. धुरी.

आमच्याकडे बाळंतिणीला धुरी देतात, बाळाला देतात, गोठ्यात म्हशीला देतात. घरात आजार आला की कोपऱ्या-कोपऱ्यात फिरवतात. धुरीनं वाईट ते निघून जातं हे आम्ही आईच्या दुधाबरोबर शिकलो. आरोग्य केंद्राच्या बाईंनी चूल सांगितली, विडी सांगितली, मी उदबत्ती सांगितली. धुरीचं कोणाच्या डोक्यात आलं नाही, कारण धुरीला आम्ही कोणी धूर म्हणतच नाही. ती औषध. बाहेरचा वाईट धूर आत आलाय, त्याला चांगल्या धुरानं हाकलावं, इतका साधा तिचा विचार.

ती भिंतीला सरकून पडली होती. तोंड उघडं, ओठ निळसर, खांदे वरखाली.

“आक्का... वाईट धूर... निघंना म्हून...”

“बोलू नको.”

घमेलं अंगणात भिरकावलं. तिला काखेत धरून ओढलं. दाराशी आले आणि थांबले. न्यायची कुठे? आत धुरी, बाहेर वणवा. शेवटी माझ्या घरातल्या आतल्या खोलीत नेलं, तिथे धूर त्यातल्या त्यात कमी होता. दवाखान्यातून दिलेला तोंडात ओढायचा पंप तिच्या घरी ट्रंकेत होता. संपेल म्हणून ती जपून ठेवत होती. मी जाऊन आणला, तिच्या तोंडाला लावला, तिला ओढता येईना. मी तिच्या पाठीत हात घालून तिला बसती केली आणि “ओढ, ओढ गं” म्हणत राहिले. असंच आशाताईनं आम्हाला बघितलं. तिनं खाली फोन लावला.

पिकअप घेऊन आला तो बिबट्याची चौकशी करणाराच. त्यानं धाकटीला उचलून पुढे माझ्या मांडीवर दिलं. घोडेगावपर्यंत तो प्रत्येक वळणावर गाडी हळू करायचा आणि तिच्याकडे बघायचा.

सरकारी दवाखान्यात तिच्या नाकातोंडावर प्राणवायूचा मास्क लावला. डॉक्टरनं मला विचारलं, “घरात धूर केला होता का?” मी धुरीचं सांगितलं. तो तरुण होता, रागावला नाही. म्हणाला, “छातीला दोन्ही धूर सारखेच, आजी.”

दुपारी तिचा मुलगा आला. तोवर ती शुद्धीवर आली होती, मास्क बाजूला करून त्याला म्हणाली, “मी आक्काकडं ऱ्हाते. मला तिकडं न्यू नको.”

तो मला व्हरांड्यात घेऊन गेला. मला तो मोठी आई म्हणतो, वाटणीनंतरही म्हणायचा.

“मोठी आई, आमच्याकडं तरी हवा कुठं सोन्याची हाये? गाड्या हायेत, उसाचं पाचट जाळत्यात. पर दवाखाना खाली उतरलं की हाये, बायको घरी आसती. आई माजं ऐकायची न्हाई. तू म्हनशील तसं करू. तू म्हनलीस का तुज्यापाशी नीट ऱ्हाईल, तर ऱ्हाऊ दे.”

मी विचार केला नाही असं नाही. खोली आहे, फडकी आहेत, धुरीचं आता तिला कळलं. मी नजर ठेवेन. हे सगळं जिभेवर आलं होतं. पण शेळ्या ओरडल्या की मला जावं लागणार, डोंगर जागचा हलणार नाही आणि घोडेगाव आहे तितकंच लांब राहणार. त्या दिवशी पिकअप घरी होता म्हणून निभावलं. बाजाराला गेलेला असता तर?

“घिऊन जा,” मी म्हणाले. “पावसाळा लागंस्तवर आनू नको.”

तिच्या खाटेजवळची व्हरांड्याकडची खिडकी उघडी होती. आत गेले तेव्हा तिनं तोंड भिंतीकडे केलं होतं.

“घालवलीस ना मला?”

“व्हय. घालवली.”

तिच्या कोंबड्या मी माझ्याकडे आणल्या. घराला कुलूप मुलानं लावलं. भिंतीपलीकडे आता खोकला नाही, भांड्याचा आवाज नाही. मला आधी वाटायचं की शांत घराची मला सवय आहे. ती सवय पलीकडे कोणीतरी असण्याची होती.

आशाताईच्या सांगण्यात एक वाक्य वाढलं. “बंद खोलीत धुरी करू नका, आमच्या गावात एक आजी थोडक्यात वाचल्या.” यावर पारावर कोणी हसलं नाही. पिकअपवाला आता आपली आई स्वतः माझ्या खोलीत आणून सोडतो. आळीतल्या बायाही येतात. मीही चार माणसांत बसते, बोलते. त्या मला आजी म्हणतात, मान देतात, मेथीचे देठ लांब ठेवले तरी बोलत नाहीत.

भाद्रपदात गौरीला धाकटी आली. अंगानं भरली होती. शाळेपासूनचा चढ कुठे न बसता चढली. ओट्यावर पिशवी ठेवून पहिलं काय म्हणाली, तर “माज्या कोंबड्या रोडावल्या.” दिवाळीपर्यंत राहिली. डोंगर हिरवागार होता, हवा धुतलेली. आता धुराचं निमित्त नव्हतं तरी ती रोज यायची, दार न वाजवता. जाताना म्हणाली, “थंडीत दम लागतोय, ती सरली का येते. सुनंला सांगून ठेवलंय.”

संक्रांत झाल्यावर तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली, नातवाचं सांगितलं. मग म्हणाली, “पिशवी भरून ठेवलीया. गवत वाळलं का गं आक्का?”

मी ओट्यावर उभी होते. समोर डोंगर माथ्यापर्यंत पिवळा. आशाताईचा भोंगा अजून सुरू झाला नव्हता, म्हणजे तिला सांगणारी मीच. अजून ओल आहे म्हणाले असते तर ती दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं आली असती. महिनाभर तरी राहिली असती, कदाचित काही झालंही नसतं.

“वाळलं,” मी म्हणाले. “पल्याडच्या अंगाला एक पट्टा जळालाबी.”

तिच्या मागे गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते.

“मंग?”

“मंग काय? ऱ्हा तितंच.”

“तू काय करतीस?”

“शेळ्या सोडायच्यात.”

“सोड मंग,” ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. मी थोडा वेळ तसाच कानाला धरून उभी राहिले, मग शेळ्या सोडल्या.